गच्चीवरच्या बागेचा खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की नर्सऱ्यांत झुंबड उडते आणि दिवाळीपर्यंत निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात. पैसे कमी पडल्यामुळे असं होत नाही, ते भलत्या जागी गेलेले असतात. कुंडी चकचकीत घेतली जाते आणि आत नुसती लाल माती ठासली जाते. ती दगडासारखी आवळते, पाणी कडेनं वाहून भोकातून निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. कुंडीऐवजी रंगाची रिकामी बादली तळाला चार भोकं पाडून वापरली तरी चालते. वाचलेले पैसे मातीच्या मिश्रणावर घाला: माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं खत, तिन्ही सारखं.

कोकोपीटच्या छोट्या विटा हा सगळ्यात फसवा खर्च. किलोचा भाव काढून बघा. पाच किलोची वीट भिजवली की सुमारे ७० लिटर होते. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं, म्हणजे कुंडीमागे पाच लिटर कोकोपीट. एका विटेत १४ कुंड्या भरतात. तेवढ्या नसतील तर शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. स्वस्त विटेत क्षार असतात. पानांची टोकं करपायला नकोत तर दोन-तीनदा पाण्यातून काढून पिळा. आणि कोकोपीट म्हणजे खत नव्हे, त्यात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं.

पालापाचोळा तर फुकट. सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की पोती मिळतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजी पिकवून दाखवली. रसवंतीवाला चिपाडं आनंदानं देतो आणि स्लॅबवर वजनही कमी पडतं. फक्त ती ओली करून कुजू द्या, नाहीतर मुंग्यांची वारी लागते.

इथेच पुढची चूक होते. अर्धवट कुजलेला पाला मिश्रणात भरपूर मिसळला की तो कुजताना नत्र ओढून घेतो. खालची पानं पिवळी पडतात आणि माणूस धावत जाऊन टॉनिकची बाटली आणतो. मूठभर गांडूळखत घाला, थोडी वाट बघा. ताजं शेणही नको, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते. कंपोस्टच्या डब्याला वास सुटला तर तो ओला झालाय. कोरडा पाला घालून हलवा, कुजवण्यासाठी विकतच्या कल्चरची गरज नाही.

किडीसाठीच्या तयार फवाऱ्याच्या बाटलीत बहुतेक पाणीच असतं. साधं निंबोळी तेल घ्या, लिटरला पाच मिली, सोबत साबणाच्या पाण्याचे काही थेंब. संध्याकाळी फवारा, कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

बियांच्या पाकिटावर पॅकिंगची तारीख न बघता घेणारे बरेच. कांद्याचं बी वर्षभरात दम तोडतं, टोमॅटोचं काही वर्षं टिकतं. हायब्रीड टोमॅटोचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ येईल, ही आशा सोडा. मेथी, मोहरी, धणे मात्र डब्यातलेच पेरा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सहा-सात दाण्यांना मोड आले तर पेरणीला हरकत नाही. धणे आधी हलके रगडून दोन फाकी करून घ्या.