गोरखपूरहून एका दिवसात लुंबिनी: बॉर्डर, भन्सार आणि बाकी सगळं

आपल्याकडचे बहुतेक लोक नेपाळातल्या लुंबिनीला, म्हणजे बुद्धांच्या जन्मस्थळी, मोठ्या धम्मयात्रेतून जातात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती असं सगळं एकाच दौऱ्यात असतं आणि लुंबिनीच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास येतो, कारण अर्धा दिवस बॉर्डरवर जातो आणि बसला पुढच्या मुक्कामाची घाई असते. मला हे फार वाईट वाटतं. म्हणून ज्यांना फक्त लुंबिनी नीट बघायची आहे त्यांना मी सांगते की उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरला मुक्काम करा, गाडी आणि गाईड ठरवा, पहाटे निघा आणि रात्री परत या. प्लॅन करताना एकच गोष्ट धरून बसा, लुंबिनीच्या आवारात किमान चार तास मिळाले पाहिजेत. निघायची वेळ, गाडी, जेवण, सगळं त्या चार तासांच्या हिशोबाने ठरवायचं.

गोरखपूरला मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेस जाते, नाशिक-भुसावळवरून, त्यामुळे खान्देशातल्या लोकांनाही सोयीची. पुण्याहून थेट गाडी आहे, नागपूरवाल्यांना राप्तीसागर मिळते. ज्या दिवशी गोरखपूरला उतरणार त्याच दिवशी लुंबिनी ठेवू नका, त्या बाजूच्या गाड्या लेट होतात. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत तर तिकडे इतकं दाट धुकं पडतं की रेल्वेही अडकते आणि रस्त्यावर गाडीही पळवता येत नाही. मे-जूनमध्ये ऊन आणि लू, म्हणजे गरम वारे. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरं. बुद्धपौर्णिमेला जायची इच्छा असेल तर जरूर जा, वातावरण वेगळंच असतं, पण त्या दिवशी गर्दी एवढी असते की शांतपणे बघणं होत नाही.

आता कागदपत्रं, कारण लोकांचं इथेच अडतं. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही हे खरं, पण ओळखपत्र लागतं आणि ते म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. आधार नेपाळ प्रवासासाठी मान्य कागदपत्रांत धरलेलं नाही, फक्त ६५ च्या वरच्या आणि १५ च्या खालच्या लोकांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, म्हणजे आधार, पॅन, लायसन्स वगैरे चालतं. पायी जाताना बऱ्याचदा कोणी काही विचारतच नाही, त्यामुळे "आम्ही तर आधारवर गेलो" असं सांगणारे भेटतील, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. मतदार कार्ड ओरिजिनल घ्या, झेरॉक्स वेगळी ठेवा.

सोबत परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक असेल, म्हणजे अमेरिकेत सिटिझन झालेला भाऊ वगैरे, तर त्याचं गणित पूर्ण वेगळं. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड, असलं तरी त्याला नेपाळचा व्हिसा लागतो, तो पलीकडे लगेच मिळतो, १५ दिवसांचा ३० डॉलरला. पण त्याआधी भारताच्या इमिग्रेशन ऑफिसात बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा असतो. ते ऑफिस बाजाराच्या गर्दीत पटकन दिसत नाही आणि गाडी तशीच पुढे जाते, म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. ओसीआय नसेल आणि भारताच्या व्हिसावर आला असेल तर परत येताना तो व्हिसा चालणार का, तोही रस्त्याने, हे घरी असतानाच तपासा.

गाडी ठरवताना एजंटला सरळ विचारायचं की गाडी लुंबिनीपर्यंत येणार की सोनौलीलाच, म्हणजे बॉर्डरवरच्या भारतीय गावात, सोडणार. भारतीय नंबरची गाडी नेपाळात न्यायची तर भन्सार भरावा लागतो, म्हणजे तिकडच्या कस्टमची रोजच्या हिशोबाची फी. ती रेटमध्ये धरली आहे का, पार्किंग धरलंय का, गाईड तुमच्यासोबत गोरखपूरहून येणार की लुंबिनीला भेटणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नुसतं फोनवर बोलणं नको. दुसरा मार्ग म्हणजे सोनौलीला गाडी सोडायची, बॉर्डर चालत पार करायची आणि पलीकडून नेपाळी गाडी करायची. माणसं दोन-तीनच असतील तर मला हेच जास्त आवडतं कारण भन्सारच्या खिडकीवर थांबावं लागत नाही. आई-वडील सोबत असतील किंवा पूर्ण ग्रुप असेल तर मात्र एकच गाडी दिवसभर बरी.

गोरखपूर ते सोनौली साधारण शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेआठपर्यंत पोचता. शेवटच्या टप्प्यात मालट्रकांची लांबच लांब रांग दिसते, घाबरू नका, ती माल नेणाऱ्यांची असते, छोट्या गाड्या बाजूने पुढे जातात. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान कार्ड आणि कधी बॅग बघतात, मग कमानीतून पलीकडे गेलं की बेलहिया, नेपाळच्या बाजूचं गाव, ड्रायव्हर भन्सारला जातो आणि तुम्ही चहा प्यायचा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे, आणि गाईड भेटायची वेळ सांगेल ती कुठल्या घड्याळाची ते विचारा.

पैशांचं असं की १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच आहे. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा भरपूर न्या. मोठ्या नोटांबद्दल नेपाळचे नियम कडक राहिलेत, पाचशेची नोट दुकानदार नाकारू शकतो. भाव ऐकला की "आयसी की एनसी?" विचारायचं, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, तिथे सगळे असंच बोलतात. २०२४ पासून नेपाळात क्यूआरवर यूपीआयने पैसे देता येतात, पण त्याला इंटरनेट लागतं आणि आपलं सिम तिकडे रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून कॅश हवीच. मॅप आधीच डाउनलोड करा.

बेलहियापासून भैरहवा चार-पाच किलोमीटर आणि तिथून लुंबिनी बावीसेक. दहा-साडेदहाला पोचलात तर दिवस हातात आहे. गाडी गेटबाहेरच राहते, आत चालायचं किंवा ई-रिक्षा. तिकीट काढावं लागतं, भारतीयांना इतर परदेशी लोकांपेक्षा खूप कमी. सगळ्यात आधी मायादेवी मंदिर करा, विहार नंतर. मंदिराच्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात, उन्हात फरशी चांगलीच तापते, जाड मोजे बॅगेत टाका.

मंदिर म्हणजे बाहेरून साधी पांढरी इमारत, आत जुन्या विटांचे अवशेष आणि त्यांच्याभोवती फिरायला फळ्यांचा मार्ग. मध्ये काचेखाली एक ओबडधोबड दगड आहे, १९९० च्या दशकातल्या उत्खननात सापडलेला, तेच जन्माचं नेमकं ठिकाण मानतात. वर झिजलेलं शिल्प, बुद्धांची आई मायादेवी फांदी धरून उभी. आत फोटो काढता येत नाही, आणि रांग पुढे सरकवत राहतात, त्यामुळे गाईडने हे सगळं बाहेरच समजावून सांगितलेलं बरं, आत गेल्यावर बोलायला वेळ मिळत नाही. दर्शन घाईत झालं असं वाटलं तर पुन्हा रांगेत लागा, काही हरकत नाही.

बाहेर आल्यावर अशोकस्तंभ. इथे गाईडचा खरा उपयोग. लोक कठड्याजवळ सेल्फी काढून निघून जातात आणि खांबावरच्या ब्राह्मी लिपीतल्या चार-पाच ओळी तशाच राहतात. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून दगडी खांब उभारला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं त्यात आहे. गाईडला सांगा ओळीवर बोट दाखवून वाचून दाखव. "हिद बुधे जाते", म्हणजे इथे बुद्ध जन्मले, हे शब्द तिथे उभं राहून ऐकताना अंगावर काटा येतो, खरंच. खांबाच्या वरच्या भागात रिपु मल्ल राजाचा चौदाव्या शतकातला लेख आहे, तोही दाखवायला सांगा. स्तंभ १८९६ मध्ये ओळखला गेला, त्याआधी हे ठिकाण शतकानुशतकं विस्मरणात होतं.

शेजारीच पुष्करिणी, म्हणजे तळं, आणि पिंपळ. महाराष्ट्रातून आलेले पांढऱ्या कपड्यांतले ग्रुप झाडाखाली बसून त्रिशरण-पंचशील म्हणताना हमखास दिसतात, तुम्हीही बसा, अर्धा तास तरी. ग्रुपमध्ये असाल तर लीडरला हा वेळ आधीच मागून ठेवा.

मग विहार. हा सगळा परिसर जपानी आर्किटेक्ट केंझो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यावर उभा आहे, तीन मैल लांब आणि एक मैल रुंद, मधून कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान-वज्रयान, हे बौद्ध धम्मातले वेगवेगळे पंथ. चालत सगळं होणार नाही, ई-रिक्षा ठरवा आणि भाव बसायच्या आधीच पक्का करा. काही विहार दुपारी बंद असतात, तेवढ्यात जेवून घ्या, दाल-भात-तरकारी मागवली की संपेल तसं पुन्हा वाढतात. मी म्हणेन थायलंडचा, म्यानमारचा आणि जर्मनीचा कमळ स्तूप एवढे नीट बघा, बाकीचे रिक्षातून. उत्तर टोकाचा पांढरा शांती स्तूप लांब आहे, वेळ उरला तरच.

तिलौराकोट, म्हणजे बुद्धांचं बालपण गेलं त्या कपिलवस्तूचे मानले जाणारे अवशेष, आणखी पंचवीस-तीस किलोमीटर पश्चिमेला आहेत. एजंट "तेही करून देतो" म्हणेल, एका दिवसात नको. त्याच्यासाठी लुंबिनीतच रात्र काढा.

परत निघताना तीन-साडेतीनची वेळ धरा. संध्याकाळी सोनौलीच्या बाजारात गर्दी होते, आणि रात्री गाड्यांसाठी गेट बंद होतं, त्याची वेळ ड्रायव्हरला सकाळीच विचारा. भन्सारची पावती परतताना दाखवावी लागते, ती ड्रायव्हरकडे असल्याची खात्री करा. उरलेले नेपाळी रुपये बेलहियातच बदला. रात्री आठ-नऊपर्यंत गोरखपूर, म्हणून परतीची ट्रेन दुसऱ्या दिवसाचीच काढा.