पीक कापणीच्या नमुन्यावरून सरासरी आणि चढउतार सांगताना या चुका टाळा

पीक कापणी प्रयोगातून महसूल मंडळाची हेक्टरी सरासरी काढली जाते, तेव्हा मंडळातील प्रत्येक शेत मोजलेले नसते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या मोजक्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून तेथील पीक कापले जाते, त्याची मळणी व वजन होते आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा अंदाज बांधला जातो. पीक विम्यात या सरासरीची उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे भरपाई ठरवण्यासाठी आधीच निश्चित केलेल्या उत्पादनाशी, तुलना होते. त्यामुळे ती सरासरी किती भरवशाची आहे हे सांगणारा विश्वास अंतराल, म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल, नीट काढणे आणि नीट वाचणे या दोन्ही गोष्टींना फार महत्त्व आहे.

उदाहरणासाठी सोयाबीनच्या दहा शेतांचे हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असे धरू: १४, १८, ११, १६, २०, १३, १७, १५, १२, १९. सरासरी १५.५ येते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ८२.५ आहे आणि पहिली चूक येथेच होते. या बेरजेला १० ने भागून वर्गमूळ घेतले तर प्रमाण विचलन, म्हणजे शेताशेतांतील चढउताराचे माप, २.८७ येते; ९ ने, म्हणजे शेतांच्या संख्येपेक्षा एक कमी आकड्याने, भागले तर ३.०३. फरक आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजलेले असल्यामुळे ते मुळातच थोडे कमी भरतात. म्हणून समष्टीचा, म्हणजे मंडळातील साऱ्या शेतांचा, अंदाज करताना ९ नेच भागले पाहिजे. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘स्टडेव्ह’चे ‘एस’ रूप वापरावे, ‘पी’ नव्हे.

दुसरी चूक १.९६ या आकड्याची, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना अंतराल किती पसरवायचा हे ठरवणाऱ्या नेहमीच्या गुणकाची. समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक नसताना आणि नमुना लहान असताना हा गुणक तोकडा पडतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने टी-वितरण मांडले, ते लहान नमुन्यांच्या याच अडचणीपोटी. दहा शेतांसाठी गुणक २.२६ आहे. प्रमाण त्रुटी, म्हणजे ३.०३ भागिले १० चे वर्गमूळ, ०.९६ येते; तिला गुणकाने गुणून ते उत्तर सरासरीतून वजा केले आणि सरासरीत मिळवले की ९५ टक्के अंतराल १३.३३ ते १७.६७ असा मिळतो. १.९६ वापरला असता तर तो १३.६२ ते १७.३८ असा विनाकारण अरुंद दिसला असता. एक्सेलच्या ‘कॉन्फिडन्स-टी’ सूत्राचे उत्तर जेमतेम ०.०६ आले, तर समजावे की ०.०५ च्या जागी ०.९५ भरले गेले आहे. ते सूत्र विश्वासपातळी मागत नाही, उरलेला भाग मागते.

आकडेमोड बरोबर असूनही वाचताना जी चूक होते, ती मला सर्वांत घातक वाटते. १३.३३ ते १७.६७ याचा अर्थ ‘मंडळातील ९५ टक्के शेतांचे उत्पादन या पट्ट्यात आहे’ असा मुळीच नाही. आपल्याच यादीकडे पाहा: दहापैकी केवळ चार शेते, १४, १५, १६ आणि १७ क्विंटलची, या पट्ट्यात बसतात. अंतराल मंडळाच्या सरासरीबद्दल बोलतो, एकेका शेताबद्दल नाही. नव्याने निवडलेल्या एखाद्या शेताचा अंदाज हवा असेल, तर पट्टा ८.३ ते २२.७ इतका रुंद होतो. ज्या शेतकऱ्याला ११ क्विंटल झाले, त्याच्यापुढे सरासरीचा अंतराल ठेवून ‘तुमचे उत्पादन शक्यच नाही’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तसेच ९५ टक्के हा आकडा पद्धतीचा आहे. पुन्हा पुन्हा नमुने घेऊन असेच अंतराल काढत गेलो, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या सरासरीला सामावून घेतील, एवढेच तो सांगतो.

चढउताराचा अंदाज बहुतेक अहवालांत एकच आकडा देऊन उरकला जातो. प्रमाण विचलनाचाही अंतराल असतो आणि तो काय-वर्ग वितरणावरून काढतात: ८२.५ ला त्या वितरणाच्या तक्त्यातील १९.०२ ने आणि २.७० ने भागून वर्गमूळ घेतले की २.०८ ते ५.५३ मिळते. ३.०३ च्या खाली ०.९५ आणि वर २.५० अशी ही लांबी असमान आहे, म्हणून येथे ‘अधिक-उणे’ लिहिणे चूक ठरते. शिवाय हा अंतराल प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले असतात या, गृहीतकावर सर्वस्वी विसंबून आहे. बागायती आणि कोरडवाहू शेते एकत्र मिसळली असतील तर ते गृहीतक मोडते. अशा वेळी दोन्हींचे वेगवेगळे स्तर, म्हणजे गट, करावेत.

सूत्राला निवडीतला दोष कळत नाही. रस्त्याकडेची सोयीची शेते घेतली किंवा एकाच शेतातील दोन तुकडे दोन स्वतंत्र नोंदी म्हणून धरले, तरी अंतराल नेहमीसारखाच नेटका दिसतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, फार लहान तुकडे कापल्यास उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त भरते, कारण कडेची रोपे आत धरण्याकडे कल राहतो आणि तुकडा लहान असेल तितका कडेचा वाटा मोठा असतो. अशा तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक घटत नाही. अंतराल मात्र चुकीच्या आकड्याभोवती अरुंद होत जातो.

दोन मंडळांची तुलना करताना अंतराल एकमेकांत शिरले म्हणजे फरक नाही, असे समजू नये. शेजारच्या मंडळात तितकीच शेते, तेवढेच प्रमाण विचलन आणि सरासरी १८.५ असेल, तर त्याचा अंतराल १६.३३ पासून सुरू होतो, म्हणजे आपल्या १७.६७ च्या आतच. पण फरकाचाच अंतराल काढला तर तो ०.१६ ते ५.८४ येतो आणि त्यात शून्य नाही, म्हणजे फरक आहे असे म्हणायला आधार मिळतो.