एमएस पुढे किती वाढेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण झिजवते. त्याचा पुढचा अंदाज चुकतो तेव्हा घोळ बहुतेक वेळा मोजमापातच झालेला असतो. मागची तपासणी डिसेंबरातली, आजची मे महिन्यातली. तेव्हा पायात बूट होते, आज चपला आहेत. मधे लघवीचा संसर्ग होऊन गेला, त्याची नोंदच नाही. मग चालण्याच्या चाचणीचा आकडा बदलला की घरात एकच वाक्य घुमतं, ‘आजार वाढला’. हे वाक्य उच्चारण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

उन्हाचा आणि तापाचा परिणाम आजाराच्या खात्यावर टाकू नका

शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सियस वाढलं तरी मायलिन झिजलेल्या नसेतून संदेश अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे नोंदवलं, त्यामागचं कारण हेच. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी रिक्षातून उतरून थेट चालण्याची चाचणी दिली, तर त्या आकड्यात आजार किती आणि ऊन किती, हे सांगता येत नाही. आधी अर्धा तास गार खोलीत बसवा, पाणी द्या, मग मोजा.

रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, म्हणायला तीन अटी आहेत: नवीन किंवा वाढलेली लक्षणं किमान २४ तास टिकलेली असावीत, ताप किंवा संसर्ग नसावा, आणि आधीचा रिलॅप्स सुरू होऊन किमान ३० दिवस झालेले असावेत. पाय एकाएकी जड झाले तर सर्वांत आधी थर्मामीटर लावा आणि लघवीची तपासणी करा. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, त्यामुळे संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. संवेदना कमी झालेली असेल तर जळजळ जाणवतेच असं नाही. संसर्ग बरा झाल्यावरच चाल पुन्हा मोजा.

ईडीएसएसच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत

ईडीएसएस हे एमएसमधलं अपंगत्व मोजणारं ० ते १० चं माप आहे; आकडा जितका मोठा, तितकं अपंगत्व जास्त. ४ च्या पुढे त्याचा भर मुख्यतः चालण्यावर असतो. ४.० म्हणजे आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर. ५.० म्हणजे २०० मीटर, ५.५ म्हणजे १००. तेच १०० मीटर चालायला एका बाजूला काठी लागली की ६.०, आणि दोन्ही बाजूंना आधार घेऊन २० मीटर म्हणजे ६.५. एखाद्याने केवळ पडण्याच्या भीतीने काठी घेतली, तर पायांची ताकद तीच असूनही अर्धा गुण वाढतो. उलट, ६.० वर वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाचे हात हळूहळू निकामी होत असले तरी माप ते दाखवत नाही.

म्हणूनच किती फरकाला वाढ म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं. सुरुवातीचा गुण ० असेल तर १.५ ची वाढ, १.० ते ५.० असेल तर १.० ची आणि ५.५ किंवा वर असेल तर ०.५ ची. ही वाढही एका भेटीवर धरायची नाही. ३ महिन्यांनी पुन्हा मोजून ती टिकली तर धरतात, ६ महिन्यांनी टिकली तर जास्त खात्री. त्यानंतरही काहींचा गुण खाली येतो. रिलॅप्सच्या आसपास घेतलेला गुण तर सुरुवातीचा गुण म्हणून कधीच वापरू नका. आधी रिलॅप्स ओसरू द्या.

ईडीएसएसच्या जोडीला तीन छोट्या चाचण्या ठेवा. फिजिओथेरपिस्टना त्या सहज घेता येतात. जमिनीवर टेपने २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटरचं अंतर आखा. सुरक्षित राहून होईल तितक्या भरभर चालायला सांगा, दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. बूट तेच, काठी तीच, रोजच्या औषधाची वेळही तीच. ६ सेकंदांचे ७.२ झाले तर २० टक्के फरक पडला आणि त्याकडे लक्ष द्यायला हवं. हातासाठी नऊ खुंट्या छिद्रांत बसवून परत काढायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी आहे, दोन्ही हातांनी प्रत्येकी दोनदा. तिथेही मर्यादा २० टक्केच. विचारांच्या वेगासाठी ९० सेकंदांत चिन्हांना आकडे जुळवायची चाचणी असते, तिच्यात ४ गुणांची घट लक्षणीय धरतात. मात्र तोच कागद पुन्हा वापरला तर माणूस तो शिकतो आणि घट झाकली जाते. दर वेळी वेगळा संच घ्या.

‘रिलॅप्स नाही, म्हणजे थांबलंय’

ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. नवा रिलॅप्स नाही, एमआरआयमध्ये नवा चट्टा (आजाराने इजा झालेली जागा) नाही, तरीही अपंगत्व सावकाश वाढू शकतं. आजची औषधं रिलॅप्स चांगले रोखतात, या सावकाश वाढीवर त्यांचा जोर कमी पडतो. ‘त्रास होतो का?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ असंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: गेल्या दिवाळीत न थांबता किती जिने चढत होता, आता किती?

एमआरआयची तुलना

औषध सुरू करण्याआधीचा एमआरआय आणि वर्षाने काढलेला यांच्यात नवा चट्टा दिसला, की औषध फसलं असं ठरवलं जातं. तो चट्टा औषधाचा परिणाम सुरू होण्याआधीचा असू शकतो. उपचार सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी नवा संदर्भ एमआरआय काढा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने. पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान थोडं घटलेलं दिसलं तर घाबरू नका. सूज उतरल्यानेही ते घटतं. मेंदूत मोजके चट्टे असूनही मज्जारज्जूतला एकच चट्टा चाल बिघडवू शकतो, म्हणून फक्त मेंदूचे चट्टे मोजून भविष्य सांगू नये.

मूळ निदान पुन्हा तपासा

दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज, किंवा मज्जारज्जूत तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब चट्टा असेल तर तो एमएससारखा दिसणारा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठीच्या एक्वापोरिन-४ आणि एमओजी अँटिबॉडीच्या रक्ततपासण्या झाल्यात का ते पाहा. एक्वापोरिन-४ च्या आजारात (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) अपंगत्व बहुतांशी झटक्यांतूनच साचतं, त्यामुळे एमएसचं गणित तिथे लागू पडत नाही. इंटरफेरॉनसारखी एमएसची काही औषधं तो आजार बळावू शकतात.

संगणकी मॉडेल वापरणाऱ्यांसाठी

असं मॉडेल जुन्या नोंदींच्या एका संचावर शिकतं आणि दुसऱ्या संचावर तपासलं जातं. एकाच रुग्णाच्या काही भेटी शिकवण्याच्या संचात आणि उरलेल्या चाचणीच्या संचात गेल्या, तर मॉडेल आजार न शिकता त्या रुग्णालाच ओळखतं. विभागणी भेटींवर करू नका, रुग्णांवर करा. १०० पैकी १५ जणांचाच आजार वाढणार असेल, तर सगळ्यांना ‘वाढणार नाही’ म्हणणारं निरुपयोगी मॉडेलही ८५ टक्के अचूक दिसतं. ज्यांना ते ३० टक्के धोका सांगतं, त्यांच्यातल्या खरोखर सुमारे ३० टक्क्यांचा आजार वाढतो का, हे वेगळ्या रुग्णालयाच्या नोंदींवर तपासा. आणखी दोन गोष्टी निकाल वाकवतात. ज्यांची तब्येत जास्त बिघडते ते तपासणीला येणं सोडतात. जोरदार औषधं मुळात गंभीर रुग्णांनाच दिली जातात, म्हणून औषधानेच आजार वाढतो असं खोटं चित्र उमटतं.

अंदाज सांगताना उशिरा सुरू झालेला आजार, पहिल्या दोन वर्षांतले वारंवार रिलॅप्स, त्यांतून अर्धवट सुधारणा आणि मज्जारज्जूतले चट्टे हे धोका वाढवणारे घटक आहेत. यांतलं काहीच आता रुग्णाच्या हातात नाही. धूम्रपान, रक्तदाब आणि मधुमेह मात्र आहेत. म्हणून भेटीच्या कागदावर ईडीएसएसच्या शेजारीच रोजच्या सिगारेटी, रक्तदाब आणि साखर लिहायची जागा ठेवा, आणि दर वेळी ती भरा.