बागवेड्या माणसांना दिवाळी भेट देताय? या चुका टाळा

दिवाळीत मिठाईच्या डब्याऐवजी झाड द्यायची पद्धत आता चांगली रुळली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण लक्ष्मीपूजनाला हौसेने दिलेली कुंडी तुळशीच्या लग्नापर्यंत सुकून गेलेली मी फार वेळा पाहिली आहे. ज्याला बागेचं वेड असतं त्याच्या मनाला ते लागतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऊन न बघता झाड घेणं. माझ्या मावशीच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला आहे. सप्टेंबर संपत आला की सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि मग मार्चपर्यंत अशा बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. आम्ही भाचरांनी मिळून तिला नेमके गुलाब, जास्वंद आणि तुळस दिली. तिन्ही उन्हाची झाडं; गुलाबाला तर रोज पाच-सहा तास ऊन लागतं. महिन्याभरात कळ्या गळल्या, तुळशीच्या काड्या उरल्या. मावशी बिचारी म्हणत राहिली, "माझंच पाणी घालायला चुकलं असेल." चूक आमची होती. त्या जागी पीस लिली, सिंगोनियम किंवा नेचा दिला असता तर तो छान रुजला असता. तेव्हा बोलता बोलता विचारून घ्या, "तुमच्याकडे ऊन सकाळचं येतं की दुपारचं?"

दुसरी चूक, फुलांनी लगडलेलं झाड बघून भुलणं. नर्सरीतल्या काळ्या पिशवीत बऱ्याचदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. लांबच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती माती बरी, पण एकदा वाळली की दगडासारखी होते. वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. भेट मिळालेलं झाड रोज पाणी घालूनही माना टाकत असेल तर आधी हेच तपासा. गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की आतपर्यंत पाणी पोचलं असं समजा. मग कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करून झाड मोठ्या कुंडीत लावा. सगळी मुळं उघडी करू नका.

गुलाब देणार असाल तर खाली वाकून कलमाचा सांधा बघा. बुंध्यावर एक फुगीर गाठ असते, कधी तिथे प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. त्या गाठीच्या वरून आलेली फूट खरी. खालून जोमाने उसळलेली लांब फांदी खुंटाची, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलेलं असतं त्या रानगुलाबाची. ती ठेवली तर काही महिन्यांत कलम दबून मरतं आणि घरचे म्हणतात, "पानं भरपूर आहेत, पण फूलच नाही." ती फूट मुळापासून काढून टाका आणि सांध्यावरची पट्टी रुतत असेल तर ब्लेडने अलगद कापा.

खाली भोक नसलेली चिनी मातीची सुंदर कुंडी देऊ नका. तळाशी खडे घातले तरी पाणी आतच साचतं आणि मुळं कुजतात. अशी कुंडी आधीच घेतली असेल तर भोकं असलेली साधी कुंडी तिच्या आत ठेवून द्या. ऑनलाइन मिळणारं निळ्या गुलाबाचं बी तर निव्वळ फसवणूक आहे. भाजीचं बी मात्र जरूर द्या. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांचे हे दिवसच आहेत. फक्त पाकिटावरची वैधता वाचा.

अमेरिकेतल्या लेकीला कढीपत्त्याचं रोप किंवा ताजी पानं सामानात घालून पाठवणारे आईबाबा मला भेटतात. माया कळते, पण तसं करू नका. त्या पानांवरून येणारी एक बारीक कीड तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांत मोठा रोग पसरवते, त्यामुळे विमानतळावर ती काढून घेतात.

झाडाबद्दल खात्री नसेल तर अवजार द्या. द्राक्षबागेत छाटणीला वापरतात तशी सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, घ्या. दोन पाती एकमेकींना घासून सरकतात ना, बघा. एकच पातं खालच्या सपाट पट्टीवर आपटणारी सिकेटर ओली फांदी चेचते. माती चाळायची चाळणी, बारीक भोकांची झारी, गांडूळखताची पिशवी या वस्तू बागवाल्या माणसाला दागिन्यासारख्या वाटतात. त्या मावशीला मागच्या वर्षी आम्ही चाळलेलं शेणखत नेऊन दिलं, तर तिने मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि लगेच जुनी कुंडी उलटी करायला घेतली.

आणि देण्याआधी एवढं विचारा, की ते दिवाळीत गावी जाणार आहेत का. जाणार असतील तर झाड भाऊबीजेनंतर, ते परत आल्यावर द्या. आधीच देऊन झालं असेल तर घराची किल्ली मागून घ्या आणि त्या चार दिवसांचं पाणी तुम्ही घाला.