शांत चेहरा म्हणजे झेन नव्हे: कारखाना चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

नाशिकमध्ये झेनचं, म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथाचं, नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, "हो, इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून आलोय." पहिली गल्लत इथेच. विपश्यना आणि झेन दोन्हींचं मूळ बुद्धाकडे जातं आणि 'झेन' हा शब्दही 'ध्यान'वरूनच चीनमार्गे जपानला पोचलेला आहे, पण रीत वेगळी. इगतपुरीत डोळे मिटून आधी सहज चालणारा श्वास आणि मग शरीरावरच्या संवेदना पाहायच्या असतात. झेनच्या बैठकीत, म्हणजे झाझेनमध्ये, डोळे अर्धे उघडे असतात, नजर साधारण मीटरभर पुढे जमिनीवर असते आणि नवखा माणूस श्वास 1 ते 10 मोजतो. आकडा चुकला की परत एकपासून. दोन्हींची भेळ केली तर धड एकही होत नाही. एक निवडा.

मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. खुर्चीच्या पुढच्या भागात पाठ न टेकता बसा, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली आणि तळवे जमिनीला टेकलेले हवेत. उजव्या हातावर डावा हात ठेवून अंगठ्यांची टोकं हलकीच जुळवा. हे अंगठे म्हणजे तुमचा मीटर आहे. ते खाली ढळले तर डुलकी लागली आहे, एकमेकांवर दाबून उंच झाले तर तुम्ही जोर लावताय. सुरुवातीला 10 मिनिटं पुरे. सारखी झोप येत असेल तर बहुधा डोळे मिटलेले असतात नाहीतर हनुवटी पडलेली असते.

खरं नुकसान होतं ते दुसऱ्या चुकीने: शांत राहण्याच्या नावाखाली गप्प बसणं. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशिन शॉपला कस्टमरचा मेल येतो की 400 पैकी 62 नगांचा बोर, म्हणजे आतलं भोक, 0.02 मिमीने लहान आहे. मालक एक तर रात्रपाळीवर खेकसतो, नाहीतर "जे आहे ते आहे" म्हणून दुपारपर्यंत विषयच काढत नाही. तोवर त्याच मापाचा माल टेम्पोत चढलेला असतो. आरडाओरडा झाला नाही एवढंच समाधान.

इथे कागदावर तीन ओळी लिहा: काय दिसतंय, मला काय वाटतंय, पुढचं एक काम कोणाचं आणि किती वाजेपर्यंत. 'बोर लहान आहे' हे दिसतंय. 'रात्रपाळीने वाट लावली' हे वाटतंय. पुढचं काम म्हणजे डिस्पॅच थांबवणं, आणि शॉपमधला, स्टोअरमधला, वाटेतला सगळा माल लाल टॅग लावून वेगळा काढणं. मूळ कारण त्यानंतर शोधायचं. आणि शोधताना गो-गेजपासून, म्हणजे भोकात घालून माप तपासायच्या दांड्यापासून, सुरुवात करा. प्लग गेजचं गो टोक वापरून घासलं की बारीक होतं आणि लहान बोरातही सहज जातं. ऑपरेटर इमानदारीने तपासतो आणि तरी खराब नग पास होतो. वीस वर्षं धंद्यात असलेला माणूस आधी माणसावर संशय घेतो, गेजचं कॅलिब्रेशन शेवटी आठवतं. झेनमध्ये 'शोशिन' म्हणतात, म्हणजे नवशिक्याचं मन. त्याचा शॉपवरचा अर्थ एवढाच.

तिसरी चूक अनासक्तीची. "पैसे येतील तेव्हा येतील" हे झेन नाही, वसुलीचा कंटाळा आहे. तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलं असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करारातसुद्धा पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. थकलं तर सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. व्याज मागायचं की कस्टमर सांभाळायचा, हा निर्णय तुमचा. पण तो कोणतं बिल किती दिवस थकलंय याची वयवारी यादी समोर ठेवून घ्या.

झेन म्हणजे मऊपणा असा गैरसमज असेल तर क्योसेरा या जपानी कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी पाहा. 1997 साली त्यांनी झेन भिक्षूची दीक्षा घेतली. 2010 मध्ये दिवाळखोर जपान एअरलाइन्सची सूत्रं त्यांनी बिनपगारी हाती घेतली. सुमारे एक तृतीयांश नोकऱ्या गेल्या, छोट्या छोट्या गटांचे हिशेब वेगळे मांडले गेले, आणि सप्टेंबर 2012 मध्ये शेअर पुन्हा बाजारात नोंदला गेला. त्यातलं आपल्याला लगेच उचलण्यासारखं म्हणजे गटवार हिशेब. महिनाअखेरीस सीएकडून येणारा आकडा शिळा असतो. दर शनिवारी मशिनवार काढा: किती नग, किती रिजेक्ट, किती तास बंद.

शेवटची चूक कामगारांना ध्यानाला बसवण्याची. शिफ्ट संपल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये अर्धा तास डोळे मिटायला लावले की लोकांचं लक्ष सुटणाऱ्या बसकडे असतं. झेन मठांत अंगमेहनतीचं काम, 'सामु', ही साधनाच मानतात आणि त्यातून वरिष्ठही सुटत नाहीत. जपानी झेन गुरू दोगेन यांनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या सूचनांत तांदूळ धुताना खडे कसे बघायचे इथपर्यंत तपशील आहे. तेव्हा बसायचं तर आधी मालकाने बसावं, तेही घरी. कारखान्यात आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं, मोबाईल केबिनमध्ये ठेवून, एकाच मशिनजवळ उभं राहावं आणि सूचना एकही देऊ नये. पहिल्या दोन-तीन वेळा ऑपरेटर बिचकतो. मग तोच सांगतो, "साहेब, हे गेज जरा ढिलं लागतंय."