गोच्या शेपट्या

१९९६ साली मी पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टेनो होते. इंदूरहून सकाळी सातला कंपनीची बस, परत येईस्तोवर दिवेलागण. परदेशातून आलेला फॅक्स वाचायचा आणि साहेबांना दोन वाक्यांत मराठीतून सांगायचा, हे माझं काम. एका सकाळी फॅक्स आला, 'द फायर अलार्म वेंट ऑफ ॲट टू.' मी सांगितलं, त्यांचा आगीचा अलार्म रात्री दोनला बंद पडला. साहेब घाईत होते. त्यांनी लगेच उत्तर सांगितलं, अलार्म तातडीने दुरुस्त करून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तिकडून एकच ओळ आली: अलार्म उत्तम आहे, गोदाम जळालं.

ती नोकरी कधीच सुटली. आता लोकमान्यनगरला घराच्या ओट्यावर संध्याकाळी सहाला पाच-सहा जण इंग्रजी बोलायला शिकायला येतात. एकाला कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू द्यायचाय, एकीला नवऱ्याकडे कॅनडाला जायचंय, एक जण नुसताच आईने पाठवलेला. सगळे मला काकू म्हणतात. तो आईने पाठवलेला एकदा इंदुरी सवयीने 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणून गेला. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. 'गो' येतो, 'ऑफ' येतो, पण 'गो ऑफ' येत नाही. व्याकरणात याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आम्ही ओट्यावर शेपटी म्हणतो. गोला मागे कुठली शेपटी लागली, त्यावर तो काय करणार ते ठरतं.

शब्दकोश आधी उघडू नका. तिथे गो ऑफपुढे अर्थ रांगेने उभे असतात आणि पाचव्यापाशी पोचेपर्यंत पहिला विसरलेला असतो. त्यापेक्षा आपलं 'जाणे' आठवा. लाईट जाते, मेहनत वाया जाते, नको त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि 'तिला दिवस गेले' म्हणजे दिवस सरले असं नव्हे, घरात पाळणा हलणार. हे एखाद्या इंग्रजाला शिकवायला घेतलं तर तो ओट्यावरून उठून जाईल. आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही, वाक्यं ऐकून ऐकून आलं. तेव्हा पहिला नियम हा की शेपटीचा गो कधी सुटा पाठ करायचा नाही, जाणारी वस्तू सोबत हवीच. नुसतं 'गो ऑफ' लिहिलेली वही मी परत करते. 'अलार्म वेंट ऑफ', 'मिल्क वेंट ऑफ' असं हवं.

गोचा भूतकाळ 'वेंट' कसा, हे कुणी ना कुणी विचारतंच. वेंट हा मूळचा 'वेंड' नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. गोने तो उसना घेतला आणि परत केला नाही. हसू नका, आपणही तेच केलंय. 'जातो' हा संस्कृतातल्या 'याति'चा वंशज आणि 'गेला' हा 'गत'चा, म्हणजे धातूच वेगळा. त्यातही गंमत अशी की गत ज्यातून आला तो गम् आणि इंग्रजी 'कम' एकाच जुन्या मुळाचे. आपला गेला आणि त्यांचा ये, चुलत भाऊ निघाले! परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण हे ऐकल्यावर गोला 'एड' लावून 'गोड' असा भूतकाळ कुणी करत नाही.

आता ऑफ. पंख्याच्या बटणावर ऑफ म्हणजे बंद, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की माझ्यासारखी फजिती होते. गोमागे लागलेल्या ऑफला मराठीत 'सुटणे' म्हणून बघा. गाडी सुटली म्हणजे निघाली. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटतो तेव्हा सुरू होतो, सिगारेट सुटते तेव्हा बंद होते. आपला कधी गोंधळ होतो का? नाही, कारण काय सुटलं ते आपण आधी बघतो. गो ऑफलाही तेच करायचं. अलार्म, बॉम्ब, बंदूक, फटाका हे दबा धरून बसलेले असतात, ते सुटले की आवाज होतो. दिवा, पंखा, हीटर चालू असतात, त्यांची वीज सुटली की गप्प. म्हणून 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे वाजला आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. एकाच रात्री एकाच गोदामात दोन्ही होऊ शकतं.

दूधही ऑफ जातं. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', नासलं. हे ब्रिटिश झालं. अमेरिकेत 'गॉन बॅड' म्हणतात, म्हणून कॅनडावालीला मी ते पाठ करायला लावलं. ब्रिटिश लोक मन उडालं तरी ऑफच वापरतात: 'आय हॅव गॉन ऑफ पोहा', पोहे नकोसे झाले. इंदुरात हे वाक्य म्हणायची वेळ कुणावर येणार नाही, पण ऐकलं तर कळावं.

ऑन सोपा. 'व्हॉट्स गोइंग ऑन?' म्हणजे काय चाललंय? आपणही त्याला चालवलंच आहे. एक खाच तेवढी लक्षात ठेवा. 'ही वेंट ऑन टॉकिंग', तो बोलतच राहिला. 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी', आधीचं सोडून तो पुढे पैशाकडे वळला.

आऊटमध्ये ज्योत विझते. समई, मेणबत्ती, चूल या आऊट जातात, ऑफ नाही. विजेच्या दिव्याला दोन्ही चालतं. पण आऊटमागे 'विथ' लागला की सांभाळा. ओट्यावरच्या एका मुलीने फोनवरच्या इंटरव्ह्यूत मोठ्या झोकात सांगितलं, 'आय ॲम गोइंग आऊट विथ माय मॅनेजर.' तिला म्हणायचं होतं, उद्या साहेबांबरोबर भोपाळला जायचंय. पलीकडच्या बाईंना कळलं, हिचं साहेबांशी जुळलंय. त्या म्हणे क्षणभर थांबल्या आणि मग 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स' म्हणाल्या. हिला काही कळलं नाही, ही आनंदाने 'थँक यू' म्हणाली. अशा वेळी आऊट गाळा आणि गावाचं नाव घाला: 'आय ॲम गोइंग टू भोपाल विथ माय मॅनेजर.'

थ्रू रोज लागतो. पोहेवाल्याच्या क्यूआरवर पैसे कापले जातात आणि तो मान हलवतो, 'नहीं आया.' आपण म्हणतो पेमेंट गेलं नाही; इंग्रजीत 'द पेमेंट डिडंट गो थ्रू'. आरपार गेलं नाही, मध्येच अडकलं. कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला तरी 'आय वेंट थ्रू इट'. आजारपण, घटस्फोट, कर्ज यांतून माणूस जातो तोही थ्रू, 'शी वेंट थ्रू अ लॉट', फार सोसलं तिने. आणि मागे 'विथ' जोडला की अर्थ ठरलेलं तडीला नेण्याचा होतो. 'ही कुडंट गो थ्रू विथ इट', ठरवलं होतं, पण ऐन वेळी धीर झाला नाही. हे बहुतेक अवघड गोष्टीला वापरतात. भाजी आणायला जाणं कुणी थ्रू विथ करत नाही.

डाऊनला आपला एक जुना वाक्प्रचार जसाच्या तसा बसतो, गळी उतरणे. 'हिज आयडिया वेंट डाऊन वेल', कल्पना सगळ्यांच्या गळी उतरली. अपबद्दल सांगायचं तर भाव अप जातात हे ठाऊक असतंच, पण जळणारी इमारतही अप जाते, ज्वाळांबरोबर. आपला इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागली, तेव्हा जो भाग जळाला त्याला इंग्रजीत 'वेंट अप इन फ्लेम्स' म्हणतील. अंडर म्हणजे धंदा बुडणे. मालवा मिल आता नुसतं चौकाचं नाव उरलंय, गिरणी केव्हाच 'वेंट अंडर'. 'गो बॅक ऑन' म्हणजे दिलेला शब्द फिरवणे. 'गो फॉर' कुत्र्याने केलं तर अंगावर जाणे, गिऱ्हाईकाने केलं तर पसंत करून घेणे. 'गो विथ'ची फोड सुद्धा करायला नको, या साडीवर हा ब्लाउज जातो असं आपण म्हणतोच.

व्याकरण म्हणाल तर एकच बाब, पण ती मी घोटून घेते. 'टर्न इट ऑफ', 'पुट इट ऑफ' असं 'इट' मधे घुसवायची सवय लागते आणि मग मुलं 'गो इट थ्रू' म्हणतात. गो स्वतः कर्म घेत नाही, काय असेल ते शेपटीचं. म्हणून 'इट' नेहमी शेपटीच्या पलीकडे: 'गो थ्रू इट', 'गो ओव्हर इट'. गोच्या पोटात काही शिरत नाही.

वहीचं सांगते. खजुरी बाजारातून दोनशे पानी आणा. डाव्या पानावर दिवसभरात तुमच्या तोंडून खरोखर निघालेलं मराठी वाक्य लिहायचं, उजव्या पानावर शेपटीचं इंग्रजी. रोज तीन, जास्त नको. वीस लिहिणारे चौथ्या दिवशी यायचे बंद होतात, हा माझा अनुभव. आठवड्याने उजवं पान हाताने झाकून डावं वाचायचं. अडलं की त्यावर फुली, आणि तेच वाक्य पुढच्या आठवड्यात पुन्हा. शब्दकोश या वेळी उघडा, आपण बरोबर लिहिलं का ते तपासायला.

उद्यासाठी ही वाक्यं. गजर वाजला पण मला ऐकू आला नाही. जेवताना बत्ती गुल झाली. देवापुढचा दिवा विझला. पैसे कापले पण पेमेंट गेलं नाही. तो बोलला एक आणि शेवटी शब्द फिरवला. ओट्यावर उद्या पोहे आहेत, पण सगळ्यांना पुरतील असं वाटत नाही. या शेवटच्याला 'गो राउंड' लागेल, आणि जो बरोबर करून आणेल त्याला आधी वाढेन.