अभिजात चिनी वाचताना ‘कोण, कोणाला म्हणाले’ हे कसे ओळखावे

जुन्या चिनी ग्रंथांत अवतरणचिन्हे नव्हती. कोण बोलले, कोणाशी आणि किती अदबीने, हे बरेचसे क्रियापदांवरून कळते. म्हणून अर्थ लावायला बसण्याआधी ती हुडकून काढावीत. सरावाला कन्फ्यूशियसच्या वचनांचा ‘लुनयू’ घ्या. त्यातले उतारे आटोपशीर आहेत.

१. आधी ‘य्वे’ शोधा. ‘त्झ य्वे’ म्हणजे ‘गुरुजी म्हणाले’. बोललेले शब्द लगेच पुढे सुरू होतात. संस्कृतातला ‘इति’ बोलणे संपल्याचे सांगतो. य्वे फक्त सुरुवात दाखवतो. शेवट संदर्भावरून ठरवावा.

२. त्याच्या मागचा शब्द पाहा. ‘द्वेइ य्वे’ असेल तर ते वरिष्ठाला दिलेले उत्तर. शिष्याने विचारले की बहुधा नुसते ‘त्झ य्वे’ येते. लू राज्याचा अधिपती आय विचारतो तेव्हा मात्र ‘खुंगत्झ द्वेइ य्वे’ (खुंगत्झ म्हणजे कन्फ्यूशियस). अनुवादात ही अदब उतरलीच पाहिजे.

३. ‘वेइ’ दिसला की थांबा. त्याचा अर्थ ‘अमक्याला म्हणाले’ असा होतो, तसाच ‘अमक्याविषयी म्हणाले’ असाही. लुनयूमध्ये ‘त्झ वेइ येन-युअन य्वे’ हे शब्द दोनदा येतात; येन-युअन हा कन्फ्यूशियसचा शिष्य. सातव्या अध्यायात पुढे ‘फक्त मी आणि तू’ असे आहे, म्हणजे शिष्य समोर आहे. नवव्यात गुरुजी हळहळतात: ‘त्याला पुढे जाताना पाहिले, थांबताना कधीच नाही.’ इथे ते त्याच्याविषयी बोलत आहेत. रचना तीच, निकाल सर्वनामाने लागतो; तेव्हा पुढचे ‘तू’ किंवा ‘त्याचे’ सापडेपर्यंत अर्थ पक्का करू नका.

४. ‘वन’ म्हणजे विचारणे; पण त्याचे कर्म बहुधा विषय असतो, माणूस नव्हे. ‘शअचा अधिपती वन खुंगत्झ यू त्झलू’ म्हणजे त्याने कन्फ्यूशियसविषयी त्झलू या शिष्याला विचारले. इथला ‘यू’ हे निव्वळ शब्दयोगी अव्यय आहे.

५. ‘येन’ आणि बोलण्याचा ‘यू’ (चिनी लिपीत वेगळे अक्षर) यांत गल्लत करू नका. ‘जेवताना यू नाही, निजल्यावर येन नाही’ असे कन्फ्यूशियसच्या वागण्याचे वर्णन आहे. इ. स. 100 च्या सुमारास श्यू शनने आपल्या कोशात भेद सांगितला: सरळ बोलणे ते येन, वादचर्चा ती यू.

६. ‘युन’ बहुधा ग्रंथवचनापूर्वी येतो. ‘श युन’ दिसले की पुढे ‘काव्यग्रंथा’तली (प्राचीन चिनी कवितासंग्रहातली) ओळ आहे असे समजा आणि ती मूळ कवितेत शोधून वाचा.